आधी ४एक्स, मग नाव: तोंड, लाळग्रंथी आणि नाकातल्या गाठी स्लाइडवर कशा ओळखायच्या

रेसिडेंट असताना माझ्याकडं जिभेची एक बायोप्सी आली होती. तिशीतला माणूस, जिभेच्या वरच्या बाजूला छोटी कडक गाठ. स्लाइड लावली, थेट १०एक्सवर गेले, तर एपिथेलियमचे (वरच्या अस्तराचे) लांबलचक पाय खाली घुसलेले, मधेच केराटिनचे गोळे, मी खुशाल लिहून टाकलं वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्या अस्तराचाच कॅन्सर. सरांनी स्लाइड घेतली, लेन्स ४एक्सवर, म्हणजे कमी पॉवरवर, फिरवली, स्टेज हळूहळू खाली सरकवला आणि एवढंच विचारलं, "खाली काय आहे बघितलंस?" खाली मसलच्या धाग्यांमधे मोठमोठ्या गुलाबी दाणेदार सेल्स भरल्या होत्या, न्यूक्लियस छोटे, काळे, शांत. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. एस-१०० हा स्टेन लावला, भसकन पॉझिटिव्ह. वरचं सगळं एपिथेलियम त्या गाठीनं चिथवल्यामुळं वाढलेलं, कॅन्सर नव्हताच. माझा रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या माणसाची अर्धी जीभ गेली असती.

तेव्हापासून मी ज्या क्रमानं स्लाइड बघते तोच इथं लिहिते. एमडी पॅथॉलॉजी आणि ओरल पॅथॉलॉजीच्या पोरापोरींसाठी लिहितेय, पण ज्या ईएनटीवाल्यांना आणि डेंटिस्टना आमचे रिपोर्ट वाचून पुढचं ठरवायचं असतं त्यांनीही वाचावं, कारण निम्म्या चुका मायक्रोस्कोपच्या अलीकडंच झालेल्या असतात.

स्लाइड लावायच्या आधी

फॉर्म वाचा. गाठ नेमकी कुठं आहे यावर निम्मं निदान ठरतं, आणि नेमकं तिथंच फॉर्मवर "ओरल लिजन" एवढंच लिहिलेलं असतं. गाल, जिभेची कड, टाळू, टॉन्सिल, जबड्याचं हाड, नाकाचं छत, या प्रत्येक ठिकाणची यादी वेगळी. टाळूवर गाठ म्हटलं की छोट्या लाळग्रंथी डोक्यात यायला पाहिजेत, टॉन्सिल म्हटलं की एचपीव्ही (कॅन्सर करणारा व्हायरस) आणि लिम्फोमा, जबडा म्हटलं की एक्सरे बघितल्याशिवाय स्लाइडला हातच लावायचा नाही. आणि आधी रेडिएशन झालंय का हे विचारायचंच, रेडिएशननंतर नॉर्मल सेल्ससुद्धा एवढ्या विचित्र मोठ्या दिसतात की भलतंच लिहिलं जातं.

सवयी विचारताना आपल्या भागात एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाईला "तंबाखू खाता का" विचारलं तर "नाही" असंच उत्तर येतं. मग विचारायचं, "मावशी, मिश्री लावता का?" मग कळतं की चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ लावतात. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड, पण घरात ती दात घासायच्या वस्तूंत मोजली जाते. निपाणीचा तंबाखू आपल्या उशालाच, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी मावा आहेच, आणि गोळी खालच्या गालात ज्या खोबणीत ठेवतात तिथंच गाल आणि हिरडीचे कॅन्सर होताना दिसतात. सवय आणि जागा जुळते का हे बघणं हे पॅथॉलॉजिस्टचंपण काम आहे.

मग तुकडा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. बायोप्सी सलाईनमधे घालून दुपारभर फिरवून आणली की सेल्स फुगतात, न्यूक्लियस पुसट होतात, आणि मग कितीही चांगला मायक्रोस्कोप असला तरी उपयोग नाही. हाडाचा भाग असेल तर डिकॅल्सिफाय करताना मऊ तुकडा आधी वेगळा काढून घ्या, कडक ॲसिडमधे पडलेल्या टिश्यूवर नंतर आयएचसी (अँटिबॉडीनं ठरावीक प्रोटीन रंगवणारी टेस्ट) आणि जीनच्या टेस्ट नीट येत नाहीत.

एम्बेडिंगबद्दल, म्हणजे तुकडा मेणाच्या ब्लॉकमधे बसवण्याबद्दल, मी दर बॅचला तेच तेच सांगते. म्यूकोझाचा (आतल्या ओल्या त्वचेचा) तुकडा कडेवर उभा करून बसवायचा, म्हणजे कटमधे वर एपिथेलियम आणि खाली स्ट्रोमा (त्याला आधार देणारा टिश्यू) असा थर दिसेल. आडवा बसला की एपिथेलियमच्या खाली लोंबणाऱ्या बोटांचे आडवे काप पडतात आणि स्ट्रोमामधे सुट्या बेटांसारखे दिसतात, इन्व्हेजनच (कॅन्सर खाली घुसल्यासारखंच) वाटतं. ही बेटं गोल, गुळगुळीत कडेची, एकाच रेषेत आणि भोवती स्ट्रोमा शांत असेल तर आधी आडव्या कटचा संशय घ्या, टेक्निशियनला ब्लॉक वितळवून परत उभा बसवायला सांगा आणि लेव्हल (आणखी खोलचे काप) काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

४एक्सवर काय बघायचं

इथंच बहुतेकजण घाई करतात. न्यूक्लियस बघायची ओढ असते आणि ४०एक्सवर गेलं की सगळंच भयानक दिसतं. ४एक्सवर फक्त चार प्रश्न विचारायचे. गाठ पृष्ठभागाला जोडलेली आहे की खालून आलीय? कड ढकलणारी आहे की घुसणारी? सेल्सची मांडणी कशी, बेटं की चाळणी की पत्रे की गोळे? आणि गाठीच्या आजूबाजूचा, विशेषतः खालचा टिश्यू काय सांगतोय? या चारांची उत्तरं मिळाली की नाव जवळपास ठरलेलं असतं, वरच्या लेन्सवर जायचं ते फक्त खात्री करायला.

स्क्वेमस: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडं तोंडाचा कॅन्सर पुरुषांमधे सगळ्यात वरच्या नंबरांत आहे आणि त्यात बहुतेक स्क्वेमसच, त्यामुळं हे तोंडपाठ असल्यासारखं यायला पाहिजे.

स्क्वेमस म्हणायला दोन पुरावे लागतात, केराटिन आणि सेल्समधले काटेरी पूल. केराटिन पर्ल म्हणजे कांदा आडवा चिरल्यावर जसे थरावर थर दिसतात तसं, मधे गुलाबी केराटिन आणि भोवती चपट्या सेल्स. पण पर्ल म्हणजे कॅन्सर नव्हे, पर्ल नुसतं स्क्वेमस आहे एवढंच सांगतो. कॅन्सर कशावरून, तर इन्व्हेजनवरून. बेटांच्या कडा कातरलेल्या, अणकुचीदार, पुढं एकटीदुकटी सेल निसटून गेलेली, भोवतीचा स्ट्रोमा निळसर आणि तंतुमय झालेला, लिम्फोसाइट जमा झालेले. आणखी एक बारीक खूण मला फार विश्वासाची वाटते, एपिथेलियमच्या तळाशी, जिथं सेल्स अजून कोवळ्या असायला पाहिजेत, तिथंच एकेक सेल वेळेआधी लालभडक केराटिनची झालेली दिसते. तळातलं हे अवेळी पिकणं दिसलं की सावध व्हायचं आणि आजूबाजूला इन्व्हेजन शोधायचं.

इन्व्हेजन नसेल तर डिस्प्लेझिया (कॅन्सरच्या आधीचा बिघाड). तळाकडचा एक तृतीयांश बिघडला तर माइल्ड, दोन तृतीयांशापर्यंत मॉडरेट, त्यावर सिव्हिअर, असं शिकवतात पण हे मोजपट्टीसारखं वापरू नका. फक्त खालच्या तृतीयांशात अतिशय वाईट न्यूक्लियस असतील आणि तळाची बोटं थेंबासारखी फुगून लोंबत असतील तर त्याला माइल्ड म्हणून सोडणं चुकीचं आहे. उलट अल्सरच्या कडेला किंवा कॅन्डिडा असेल तिथं सेल्स नुसत्या चिडलेल्या असतात. वरच्या केराटिनमधे न्यूट्रोफिल दिसले की आधी पीएएस (फंगसही दाखवणारा स्टेन) लावून बघा.

सुपारीवाल्यांच्या गालात एपिथेलियम पातळ झालेलं आणि त्याच्या लगोलग खाली कोलॅजनचा काचेसारखा गुलाबी पट्टा दिसतो, तो सबम्यूकस फायब्रोसिस. तो लिहाच, आणि त्या पातळ एपिथेलियममधे डिस्प्लेझिया आहे का ते डोळ्यात तेल घालून शोधा. पातळ असल्यामुळं थर मोजता येत नाहीत, तिथं न्यूक्लियसच्या वाईटपणावरच जायला लागतं.

आता व्हेरुकस कार्सिनोमा, ज्यानं सगळ्यात जास्त भांडणं होतात. ॲकरमननं १९४८ मधे त्याचं वर्णन केलं. गालावर पांढरं फ्लॉवरसारखं वाढलेलं, वरून बघितलं तर कुणीही कॅन्सर म्हणेल, आणि स्लाइडवर बघितलं तर सेल्स एकदम सभ्य. राधानगरीकडच्या एका आजींची अशीच केस होती, तीनदा बायोप्सी झाली, तिन्ही वेळा "हायपरप्लेझिया", म्हणजे नुसतीच वाढ. सर्जनचा फोन आला, आवाजात वैताग स्पष्ट कळत होता.

"मॅडम, तिसऱ्यांदा घेतलीय बायोप्सी, आणि तुम्ही अजून हायपरप्लेझियाच म्हणताय. डोळ्यानं बघितलं तर कॅन्सर दिसतोय हो."

"सर, मला खालची कड दिसतच नाहीये. तिन्ही तुकडे वरवरचे आहेत, स्ट्रोमाच नाही त्यात. बाजूची नॉर्मल म्यूकोझा धरून खोल एक फोड द्या, मग सांगते."

चौथा तुकडा आला तो असा, एका टोकाला नॉर्मल म्यूकोझा आणि मग गाठ. ४एक्सवर नजरेत भरलं. नॉर्मल एपिथेलियमची तळरेषा जिथं होती त्याच्या बरंच खाली गाठीचे जाड, गोल, हत्तीच्या पायासारखे पाय उतरले होते, सगळे जवळपास एकाच पातळीला, घुसत नव्हते, ढकलत होते. वर देवळाच्या शिखरांसारखी केराटिनची टोकं आणि मधल्या फटींत केराटिन ठासून भरलेलं. खाली लिम्फोसाइटचा दाट पट्टा. हे निदान न्यूक्लियसवर होतच नाही, शेजारच्या नॉर्मलशी तुलना करूनच होतं, म्हणून शेजारचं नॉर्मल नसेल तर रिपोर्टमधे तसं लिहा आणि खोल तुकडा मागा. आणि पूर्ण स्पेसिमेन आल्यावर जास्त ब्लॉक घ्या, कारण व्हेरुकसच्या आत कुठंतरी साधा घुसणारा स्क्वेमस लपलेला असू शकतो आणि तो सापडला तर सगळं चित्र बदलतं. आजींच्या ऑपरेशनच्या स्पेसिमेनमधे तसा भाग नव्हता, सगळे ब्लॉक बघितल्यावरच मी तसं लिहिलं.

ऑपरेशनचा स्पेसिमेन आला की

इथं नुसतं नाव देऊन भागत नाही. डेप्थ ऑफ इन्व्हेजन मोजायची, आणि ती म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी म्यूकोझाच्या बेसमेंट मेम्ब्रेनची रेषा मनात गाठीवरून पुढं ओढायची आणि त्या रेषेवरून सरळ ओळंबा सोडल्यासारखा सगळ्यात खोल सेलपर्यंत मोजायचं. गाठ वर फुगलेली असेल तर जाडी जास्त आणि डेप्थ कमी, अल्सर पडलेला असेल तर उलट. एजेसीसी या कॅन्सरची स्टेज ठरवायच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीपासून ५ मिमी आणि १० मिमी या दोन रेषांवर टी स्टेज हलते, म्हणून ४.८ आहे की ५.३ हे डोळ्यानं अंदाजे लिहू नका, स्केल लावा.

पुढं कडेचा स्वभाव. मुख्य गाठीपासून १ मिमी किंवा जास्त अंतरावर सुटी बेटं दिसली तर तो सगळ्यात वाईट पॅटर्न, नंबर पाच. नर्व्ह शोधा, नर्व्हच्या आवरणात शिरलेली किंवा तिला वेढून बसलेली गाठ लिहा. मार्जिन (गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर) ५ मिमी किंवा जास्त असेल तर मोकळं, त्याच्या आत असेल तर क्लोज, आणि सर्जनला हे पण सांगा की फॉर्मलिनमधे म्यूकोझा आकसतो, त्यांनी मोजून सेंटिमीटर सोडलेलं असतं आणि आमच्याकडं ते कमीच भरतं, त्यावरून एकमेकांवर संशय घेऊ नये. मानेच्या लिम्फ नोडमधे गाठ कॅप्सूल फोडून बाहेर गेलीय का आणि किती, २ मिमीच्या आत की बाहेर, हे लिहायलाच पाहिजे, किमो लागणार का हे त्यावर ठरतं.

स्क्वेमसची वेषांतरं

स्पिंडल सेल प्रकारात सगळं सार्कोमासारखं दिसतं. घशातून किंवा तोंडातून लोंबणारी पॉलिपसारखी गाठ असेल तर सार्कोमा लिहायच्या आधी वरचं एपिथेलियम शोधा, कडेला डिस्प्लेझिया सापडला की सुगावा लागतो, मग केराटिन आणि पी४० हे आयएचसी लावायचं. ॲकॅन्थोलिटिक प्रकारात सेल्स सुट्या होऊन मधे पोकळी होते आणि ग्रंथीसारखं दिसतं, पण आत म्यूसिन (ग्रंथीचा चिकट स्राव) नसतं. बेसलॉइड प्रकार निळा, चाळणीसारखा, मधे नेक्रोसिस (मेलेला टिश्यू), तो ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या कॅन्सरशी गोंधळतो, पण कुठंतरी एकदम केराटिन झालेलं बेट सापडतंच, नाहीतर पी४० सगळीकडं दाट पसरून येतं.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचं प्रकरण वेगळं. तिथं केराटिन नसलेल्या, निळ्या, एकमेकींत मिसळलेल्या सेल्सची मोठी बेटं, भोवती लिम्फॉइड टिश्यू, असं दिसलं की पी१६ (एचपीव्हीची खूण दाखवणारं आयएचसी) लावा. ७० टक्के किंवा जास्त सेल्समधे न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्हीत मध्यम ते गडद रंग आला तरच पॉझिटिव्ह. हीच टेस्ट गालाच्या कॅन्सरवर लावून एचपीव्ही म्हणू नका, तिथं तिचा तो अर्थ होत नाही.

नाकाच्या मागच्या भागातला नॉनकेराटिनायझिंग कार्सिनोमा पण इथंच येतो. मोठे, पारदर्शक न्यूक्लियस, आत ठळक न्यूक्लिओलस, सेल्सच्या हद्दी दिसत नाहीत आणि लिम्फोसाइट एवढे की पहिल्यांदा लिम्फोमाच वाटतो. केराटिन लावलं की बेटं उजळतात, ईबर (ईबी व्हायरस शोधणारी टेस्ट) लावलं की न्यूक्लियस पेटतात.

लाळग्रंथी: इथं थांबून विचार करा

मी पोरांना आधी एकच नियम सांगते, ग्रंथी जेवढी छोटी तेवढी गाठ कॅन्सर असायची शक्यता जास्त. पॅरोटिडमधे (कानापुढच्या मोठ्या ग्रंथीत) बहुतेक गाठी साध्या, जिभेखालच्या ग्रंथीत बहुतेक वाईट.

प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा (साधी गाठ) आणि ॲडिनॉइड सिस्टिक या दोघांचा फरक छोट्या बायोप्सीत करायला लागतो तेव्हा खरी परीक्षा. दोन्हीत दोन प्रकारच्या सेल्स, दोन्हीत मधे निळसर पदार्थ, प्लिओमॉर्फिकमधे चाळणी पण दिसू शकते. मी त्या निळ्या पदार्थाच्या आणि सेल्सच्या सीमेवर जाते. प्लिओमॉर्फिकमधे सीमा नसतेच, बाहेरच्या मायोएपिथेलियल सेल्स एकेक करून सुटत जातात आणि स्ट्रोमामधे विरघळतात, दुधात साखरेचा खडा कडेनं विरघळत जातो तसं, आणि पुढं जाऊन तोच स्ट्रोमा कूर्चेसारखा दिसायला लागतो. ॲडिनॉइड सिस्टिकमधे सीमा सुरीनं कापल्यासारखी. पुरणयंत्राची ताटली डोळ्यासमोर आणा, तशी गोल गोल भोकं, भोकांत निळसर किंवा गुलाबी पदार्थ, आणि ही भोकं म्हणजे खऱ्या नळ्या नाहीतच, बाहेरचा स्ट्रोमाच आत आलेला आहे. खऱ्या नळ्या छोट्या, शोधायला लागतात, त्यात भोवती दोन थर असतात. न्यूक्लियस छोटे, काळे, कोनेरी, सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच. आणि नर्व्ह. ॲडिनॉइड सिस्टिकला नर्व्हचा जणू वासच लागतो. तुकड्यात घट्ट, मायटोसिस (सेल्सचं विभाजन) नसलेली, शांत गाठ पण नर्व्हला वेढा घातलेला दिसला तर साधी गाठ म्हणून सोडू नका. चाळणी नसून घट्ट पत्रे ३० टक्क्यांच्या वर गेले की ग्रेड वरची.

तुकड्यात गाठीची कडच नसेल तर काय? तर तसं लिहायचं, "बायफेजिक बेसलॉइड गाठ, कड दिसत नाही, पूर्ण काढून पाठवा." यात कमीपणा काही नाही. खोटं नाव दिल्यावर फेशियल नर्व्ह कापली गेली तर ती कुणालाच पहिल्यासारखी करून देता येत नाही.

टाळूवर आणखी दोघं येतात. पॉलिमॉर्फस ॲडेनोकार्सिनोमामधे मांडणी दहा तऱ्हेची, नळ्या, रांगा, नर्व्हभोवती भोवऱ्यासारखी वर्तुळं, पण सेल मात्र एकच, फिकट, अंड्यासारख्या न्यूक्लियसची. पी६३ येतं पण पी४० येत नाही, हे जोडपं उपयोगी. दुसरं म्हणजे नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया, १९७३ मधे वर्णन झालेलं, टाळूवर खोल अल्सर आणि स्लाइडवर स्क्वेमसची बेटं, किती जणांना यात कॅन्सर वाटतो. परत ४एक्स. बेटं ग्रंथीच्या लोब्यूलच्या चौकटीतच बसलेली, कडा गुळगुळीत, शेजारी मेलेल्या ॲसिनाय (लाळ करणाऱ्या सेल्सचे गुच्छ) अजून आपल्या जागेवर. हे आपोआप बरं होतं, म्हणून इथं चूक झाली तर फार वाईट वाटतं.

म्यूकोएपिडर्मॉइडला तीन सेल्स लागतात, म्यूकस, इंटरमीजिएट, एपिडर्मॉइड. सिस्ट जास्त आणि सेल्स शांत तर लो ग्रेड, घट्ट आणि नेक्रोसिस तर हाय. म्यूकस सेल्स कमी असल्या तर म्यूसीकार्मिन लावून शोधायच्या. खरं केराटिन भरपूर दिसत असेल तर मला म्यूकोएपिडर्मॉइड लिहायला जड जातं, तो बहुतेक स्क्वेमस निघतो.

ॲसिनिक सेल कार्सिनोमाच्या सेल्समधे निळसर दाणे, पीएएस-डायस्टेजला गडद. दाणे नाहीत, सायटोप्लाझम गुलाबी आणि फेसाळ, मधे गुलाबी स्राव, एस-१०० आणि मॅमाग्लोबिन दोन्ही जोरात, तर तो सिक्रिटरी कार्सिनोमा. २०१० पर्यंत हे सगळे ॲसिनिक सेलच्या नावाखाली जात होते. वेगळं करायचं कारण फक्त नावाचं नाही, यात बहुतेकदा ईटीव्ही६-एनटीआरके३ फ्यूजन (दोन जीन एकमेकांना जोडलेले) असतं आणि गाठ पसरली तर त्यावर चालणारं औषध आहे. वॉर्थिन ट्यूमर ही साधी गाठ मात्र एकदा बघितली की विसरत नाही, दोन थरांच्या गुलाबी दाणेदार सेल्स, खाली जर्मिनल सेंटरसकट लिम्फॉइड स्ट्रोमा, आणि पेशंट बहुधा बिडी-सिगरेटवाला वयस्कर पुरुष. ब्रेस्टच्या डक्टल कार्सिनोमासारखं, मधे नेक्रोसिस असलेलं पॅरोटिडमधे दिसलं तर सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा, तिथं एआर (अँड्रोजन रिसेप्टर) लावायचं.

नाकातल्या छोट्या निळ्या गोल सेल्स

हे एच अँड ईवर (रोजच्या गुलाबी-निळ्या स्टेनवर) संपत नाही, पण एच अँड ईवर यादी दहावरून तीनवर आणता येते. आयएचसी बाहेर पाठवायला लागलं की पैसे पेशंटच्या खिशातून जातात आणि आठवडा जातो, म्हणून आधी डोळे वापरा. सेल्स गोळ्यागोळ्यांत आणि मधे गुलाबी धाग्यांचं जाळं, नाकाच्या छतातून आलेली, तर ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा, सिनॅप्टोफायसिन आणि गोळ्यांच्या कडेनं एस-१००. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरलेल्या सेल्स आणि भरमसाठ नेक्रोसिस तर एनके-टी लिम्फोमा, सीडी३, सीडी५६, ईबर. कुठंतरी तपकिरी दाणा, मोठा न्यूक्लिओलस, तर मेलॅनोमा, एस-१०० आणि एचएमबी-४५. मूल किंवा तरुण पेशंट असेल तर रॅब्डोमायोसार्कोमासाठी (मसलच्या कॅन्सरसाठी) डेस्मिन आणि मायोजेनिन विसरायचं नाही. निळ्या पत्र्यात अचानक एखादं केराटिनचं बेट, मधली पायरीच नाही, तर एनयूटी कार्सिनोमा. पहिल्या खेपेला केराटिन, एस-१००, सिनॅप्टोफायसिन, डेस्मिन आणि एलसीए (लिम्फोमासाठी), एवढ्यावर दिशा मिळते, उरलेलं दुसऱ्या खेपेला.

आणि नाकातला मेलेला काळा टिश्यू आला तर ट्यूमरच्या नादात फंगस विसरू नका. २०२१ मधे म्यूकरच्या स्लाइड आम्ही सगळ्यांनीच बघितल्या, रुंद, रिबिनीसारखे, पडदे नसलेले धागे, काटकोनात फुटणारे, रक्तवाहिनीच्या आत. नेक्रोसिस म्हणून बाजूला सारलेल्या भागातच ते असतात.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा या नाकातल्या साध्या गाठीत एपिथेलियम आत वळून वाढतं, पण कडा गोल आणि आतून न्यूट्रोफिल फिरत असतात. पूर्ण बघा, आत कार्सिनोमा असू शकतो.

जबडा

एक्सरे समोर ठेवा, हे वर लिहिलंच. अमेलोब्लास्टोमामधे (दात घडवणाऱ्या सेल्ससारखी गाठ) कडेच्या सेल्स उंच, रांगेत, आणि न्यूक्लियस बेसमेंट मेम्ब्रेनपासून लांब, आतल्या बाजूला सरकलेले, आणि मधे विरळ, चांदणीसारख्या सेल्स. ओकेसीमधे (ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, जबड्यातली सिस्ट) सहा-आठ सेल्सचा सारखा पट्टा, तळाची रांग गडद, वरचं पॅराकेराटिन लाटालाटांचं. सूज आली की ही सगळी ओळख पुसली जाते, म्हणून सूज नसलेला कोपरा शोधा.

मानेची गाठ, प्रायमरी (मूळ कॅन्सर) सापडत नाही

चाळिशीच्या पुढचा माणूस, मानेत पाण्यानं भरलेली गाठ, आत स्क्वेमस अस्तर. ब्रँकियल सिस्ट (जन्मजात साधी सिस्ट) लिहायचा मोह फार होतो. अस्तराचे न्यूक्लियस वाईट असतील, थर बिघडलेले असतील तर हा टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळातून आलेला मेटास्टॅसिस धरा, पी१६ आणि ईबर लावा, आणि ईएनटीला सांगा की टॉन्सिल नीट बघा, प्रायमरी काही मिलिमीटरचाच असू शकतो. अस्तर घनाकृती आणि पॅपिली दिसत असतील तर थायरॉइड, न्यूक्लियसमधे खाचा आणि रिकामेपणा बघा, थायरोग्लोब्युलिन लावा. कॅरोटिडच्या फाट्यावरची गाठ, गोळ्यागोळ्यांत सेल्स आणि मधे बारीक रक्तवाहिन्या, तर पॅरागँग्लिओमा, केराटिन निगेटिव्ह, गोळ्यांभोवती एस-१००. हा संशय तुकडा काढायच्या आधीच असेल तर सर्जनला बायोप्सी घेऊच नका म्हणून सांगायचं, रक्तस्राव आवरत नाही.

सही करायच्या आधी मी स्लाइड परत ४एक्सवर आणते आणि फॉर्म शेजारी ठेवते. वय, जागा, सवय, एक्सरे आणि स्लाइड, यातली एक गोष्ट जरी बाकीच्यांशी जुळत नसेल तर रिपोर्ट त्या दिवशी जात नाही. ब्लॉक परत काढायचा, लेव्हल घ्यायच्या आणि ज्यानं तुकडा काढलाय त्याला फोन करायचा.